आधी कपाट, मग वाफा: कॉलेजातल्या भुकेसाठी पँट्री आणि बाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही मुलंमुली जेवण टाळून दिवस काढतात, हे कॉलेजातल्या शिक्षकांच्या लक्षात आलंय. आवारात साधारण १०० चौरस मीटर मोकळी जागा आहे, एक रिकामी खोली मिळू शकते आणि विद्यार्थी राबायला तयार आहेत. मग सुरुवात बागेपासून करावी की फूड पँट्रीपासून, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना शिधा देणाऱ्या खोलीपासून, आणि काय काय, किती लागेल?

सुरुवात पँट्रीपासून करा. बागही करायची आहे, पण पुढच्या सत्रात, आणि पँट्रीला जे हवं तेच पिकवणारी. यामागे साधा हिशोब आहे. १०० चौरस मीटरांतून चालायच्या वाटा वजा केल्या की लागवडीला जेमतेम ५५ चौरस मीटर उरतात. निगा चांगली राहिली तर एका हंगामात दर चौरस मीटरला तीनेक किलो भाजी निघते, म्हणजे एकूण १६० किलोच्या आसपास. पालेभाजी, टोमॅटो, काकडी, मुळा असं मिश्र पीक धरलं तर किलोमागे सरासरी २०० किलोकॅलरी मिळतात. सगळी मिळून ३२,००० किलोकॅलरी, म्हणजे रोज २,००० किलोकॅलरी खाणाऱ्या एका माणसाची सोळा दिवसांची गरज. एवढीच ऊर्जा नऊ किलो तांदळात असते. पूर्ण हंगामाची मेहनत एका पारड्यात आणि एक छोटं पोतं दुसऱ्यात! भूक भागते ती धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे यांनी. शिध्यातून जे मिळत नाही ते बाग देते: ताजा पाला, जीवनसत्त्वं, चव, आणि 'मी इथे घ्यायला आलो' ऐवजी 'मी इथे काम करतो' म्हणत आत येण्याची एक वाट. ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका. पण रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात लागतं ते कपाटातलं धान्यच.

आता भूक किती आहे ते मोजायचं. लांबलचक सर्वेक्षण नको. जगभर वापरात असलेले दोनच प्रश्न निनावी चिठ्ठीवर विचारा: 'गेल्या ३० दिवसांत, पुढचे पैसे हाती येण्याआधीच खाणं संपेल अशी काळजी वाटली का?' आणि 'गेल्या ३० दिवसांत घेतलेलं अन्न पुरलं नाही आणि आणखी घ्यायला पैसे नव्हते, असं झालं का?' उत्तरं तीनच ठेवा: वारंवार, कधीकधी, कधीच नाही. दोन्हींपैकी कुठल्याही एका प्रश्नाला 'वारंवार' किंवा 'कधीकधी' असं उत्तर आलं तर त्या विद्यार्थ्याचं अन्न बेभरवशाचं आहे असं धरतात. मूळ प्रश्न १२ महिन्यांबद्दल आहेत, पण कॉलेजात वर्षभराचा आकडा फार फुगतो आणि साठा ठरवायला कामी येत नाही, म्हणून ३० दिवस. चिठ्ठी वर्गात भरून घ्या. ऑनलाइन फॉर्म मुख्यतः ज्यांना विषयात रस आहे तेच भरतात.

आकडा मोठा निघाला तर दचकू नका. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली कॉलेज विद्यार्थ्यांवरचे ३१ अभ्यास तपासले. त्यांतल्या २२ अभ्यासांत अन्नाची खात्री नसलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त निघालं. विद्यार्थी सरकारी मदतीच्या चाळणीतून नेमके खाली पडतात. तिथल्या अन्नसाहाय्य योजनेत अर्धवेळ किंवा त्याहून जास्त शिकणाऱ्याला, काही अपवाद सोडले तर, आठवड्याला २० तास पगारी काम केल्याशिवाय बसता येत नाही. अभ्यास आणि २० तास काम एकत्र झेपत नाही म्हणूनच जो उपाशी आहे, त्यालाच हा नियम बाहेर ठेवतो. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्त्या, मेसची सवलत, आणीबाणीचा निधी यांच्या अटी याच नजरेने एकदा वाचून पाहा. पँट्रीत एक खुर्ची अर्ज भरून देणाऱ्यासाठी ठेवली तर शिध्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. शिधा तीन दिवस पुरतो, मंजूर झालेली मदत वर्षभर.

खोलीला १५ ते २० चौरस मीटर पुरतात. जागा निवडताना एकच कसोटी लावा: या दारातून आत जाणारा माणूस दुसऱ्याही कुठल्या कामाला जात असेल असं पाहणाऱ्याला वाटायला हवं. ग्रंथालयाच्या बाजूची खोली, विद्यार्थी कार्यालयाच्या मजल्यावरची खोली चालते. कँटीनच्या समोर नको, आणि जिन्याखाली शेवटच्या टोकालाही नको. तिथे जाताना दिसणं म्हणजे कशासाठी चाललाय ते सगळ्यांना कळणं. फळ्या जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून चार बोटं सुटलेल्या असाव्यात, म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदराची वाट दिसते. खोलीचं तापमान २१ अंशांच्या खाली राहिलं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान खिडकीचं ऊन धान्यावर पडू देऊ नका. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली, फ्रीझर उणे १८ वर. दोन्हींत स्वतंत्र थर्मामीटर हवा, दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. वजनकाटा, झाकण घट्ट बसणारे डबे, लेबलं आणि मार्कर आणले की खोली तयार झाली.

पिशवीत काय असावं? एका माणसाला एका खेपेला तीन दिवस पुरेल इतकं. तांदूळ किंवा दुसरं कोणतंही धान्य १ किलो, डाळ किंवा कडधान्य ५०० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर. पावणेदोन किलोच्या या पिशवीत साधारण ७,००० किलोकॅलरी आहेत. मीठ, साखर, चहा, दूध पावडर हे वरचं. आठवड्याला ६० खेपा धरल्या तर १०५ किलो, १६ आठवड्यांच्या सत्राला सुमारे १,७०० किलो. एवढा माल देणग्यांच्या भरवशावर उभा राहत नाही. ठरावीक निधीतून मुख्य चार वस्तू घाऊक घ्या आणि देणग्यांना वरच्या वस्तूंपुरतंच ठेवा. 'घरात पडलेलं आणून द्या' असं आवाहन केलं की मुदत संपत आलेल्या सॉसच्या बाटल्या येतात. 'या महिन्यात आम्हाला ४० किलो डाळ हवी आहे' असं लिहिलं की डाळ येते.

वरची पिशवी साठ्याच्या हिशोबापुरती. सगळ्यांना एकसारखी भरलेली पिशवी देणं वाटणाऱ्याला सोपं जातं, पण घेणाऱ्याच्या कामाचं नसतं. इथे सर्वांत जास्त माल वाया जातो आणि कारण साधं आहे: विद्यार्थ्याकडे चूल कुठली आहे हे कुणी विचारलेलंच नसतं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीकडे फक्त पाणी तापवायची किटली आहे आणि तिच्या हातात आपण एक किलो कच्चा तांदूळ ठेवतो. म्हणून फळ्या तीन करा. पहिलीवर न शिजवता खाता येईल असं: शेंगदाणे, भाजलेले चणे, सुका मेवा, पीनट बटर, फळं, ओढून उघडायच्या झाकणाचे डबे. दुसरीवर फक्त गरम पाणी लागणारं: ओट्स, सूपची पाकिटं, दूध पावडर. तिसरीवर पूर्ण स्वयंपाकाचं सामान. मग प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरावीक नग उचलायचे, कुठल्याही फळीवरून. पहिल्या महिन्यात पहिली फळी तिसरीच्या दुप्पट वेगाने रिकामी झाली तर समजा की मुलांकडे चूल नाही, आणि खरेदी बदला. साधा टिनचा डबा देणार असाल तर डबा उघडायचं ओपनर खोलीत बांधून ठेवा. ओपनरवाचून तो डबा वसतिगृहातल्या कपाटात सत्रभर तसाच पडून राहतो.

नोंदणीचं टेबल पाहा. फॉर्म घेऊन स्वयंसेवक बसलाय, मागे चारजण उभे आहेत, आणि फॉर्मवर रकाना आहे: 'पालकांचं वार्षिक उत्पन्न'. आलेला मुलगा पेन उचलतो, रकान्यापाशी थांबतो, पेन खाली ठेवतो, 'नंतर येतो' म्हणून निघतो. तो परत येत नाही. त्याची गरज खरी होती की नव्हती, हे आता कधीच कळणार नाही. ओळखपत्र दाखवणं एवढीच अट ठेवा आणि नोंदीत नावाऐवजी क्रमांक ठेवा. 'ज्याला गरज नाही तोही नेईल' ही भीती बहुतेक समित्यांना वाटते. नेईल एखादा. त्याच्या दोन किलो तांदळाची किंमत दारातून रिकाम्या हाताने परत गेलेल्या एका मुलापेक्षा खूप कमी आहे. आणि फोटो अजिबात नको. देणगीदाराने मागितला तरी भरलेल्या फळ्यांचा द्या, माणसांचा नको.

वेळ आठवड्यातून निदान दोनदा, त्यांतली एक संध्याकाळी सहानंतरची. दिवसा वर्ग आणि संध्याकाळपर्यंत काम करणाऱ्या मुलांना दुपारचे दोन तास उपयोगाचे नाहीत. जाहीर केलेली वेळ एकदा जरी चुकली, दाराला कुलूप दिसलं, तर तो विद्यार्थी पुन्हा यायला महिना लावतो. स्वयंसेवक कमी असतील तर आठवड्यातून एकदाच उघडा, पण ती वेळ चुकवू नका. दुसरं, साठा पहिल्या तासात संपू देऊ नका. प्रत्येक वस्तूचा तिसरा हिस्सा मागे ठेवा आणि अर्धी वेळ गेल्यावर फळीवर लावा. नाहीतर उशिरा येणाऱ्याला रिकाम्या फळीवर एक चेपलेला डबा दिसतो, आणि उशिरा येणारा बहुधा कामावरून आलेला असतो.

साठ्याचे नियम थोडे पण कडक हवेत. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवायचं, ते कधी आलं याला महत्त्व नाही. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' हा शेरा चवीचा आणि दर्जाचा असतो, सुकं धान्य त्यानंतरही नीट तपासून देता येतं. 'अमुक तारखेपर्यंतच वापरा' हा शेरा सुरक्षिततेचा, त्यानंतर ती वस्तू टाकायचीच. बाळाचं दूध पावडर तारखेनंतर कधीच देऊ नका. हो, विद्यार्थ्यांत लेकुरवाळेही असतात. फुगलेला, गळणारा, जोडाच्या शिवणीवर चेपलेला डबा उघडूनही पाहू नका, थेट टाका. घरी भरलेल्या बंद बरण्या, भाज्यांच्या असोत की मांसाच्या, स्वीकारू नका. हवाबंद आणि कमी आंबट अन्नात बॉट्युलिझमचं (जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून कळत नाही. घाऊक धान्य सुटं करून भराल तेव्हा प्रत्येक पिशवीवर नाव, भरल्याची तारीख आणि ॲलर्जीचे घटक लिहा. शेंगदाणे आणि गहू भरायचं माप वेगळं ठेवा. धान्यात टोके, सोंडे दिसायला लागले तर ती पिशवी बंद करून चार दिवस उणे १८ अंशांत ठेवा, किडे आणि अंडी मरतात. मग चाळून घ्या, आणि कीड डब्याबाहेर फिरत असेल तर फळी रिकामी करून कोपरे झाडून काढा. एका फटीतलं सांडलेलं पीठ महिनाभर सगळी मेहनत फुकट घालवतं.

कँटीनचं उरलेलं शिजवलेलं अन्न मिळत असेल तर मोह मोठा होतो, पण त्याला शिस्तही तेवढीच लागते. गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ४ च्या खाली, मधल्या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. थंड करायचं अन्न मोठ्या पातेल्यात तसंच फ्रिजमध्ये ढकललं की मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, विशेषतः भात आणि घट्ट वरण. पाच सेंटिमीटर उंचीच्या उथळ ट्रेमध्ये पसरून, वाफ जाऊ देऊन मग ठेवा. हे पाळायला माणूस नसेल तर ही योजनाच नको. त्यापेक्षा न वापरलेलं मेसचं कूपन गरजूला मिळावं अशी व्यवस्था करा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली विद्यार्थ्यांनी हेच सुरू केलं, आणि तिथून ते इतर अनेक कॉलेजांत गेलं. कूपनवर खाणाऱ्याच्या ताटात आणि शेजारच्याच्या ताटात काहीच फरक दिसत नाही.

आता बाग. आवार म्हणजे जुन्या बांधकामाची भर घातलेली जमीन, असं बरेचदा असतं. जुन्या रंगाच्या भिंतीजवळ, रहदारीच्या रस्त्याकडेला किंवा पूर्वी वाहनतळ असलेल्या जागी मातीत शिसं असू शकतं. लागवडीआधी माती प्रयोगशाळेत तपासून घ्या: सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे ते), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश) आणि शिसं. शंका राहिली तर उंच वाफे करा आणि खाली जाड आच्छादन टाकून बाहेरून आणलेली माती भरा. पालेभाज्या आणि कंद यांना शिशाचा धोका फळभाज्यांपेक्षा जास्त, कारण माती त्यांनाच चिकटून येते.

वाफा १.२ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि मातीवर कुणाला पाय द्यावा लागत नाही. लांबी ३ मीटर, उंची ३० सेंटिमीटर. अशा एका वाफ्याला एक घनमीटरभर माती लागते, आणि ती पहिल्या हंगामात चार-पाच सेंटिमीटर खाली बसते. तेव्हा वर टाकायला कंपोस्ट राखून ठेवा. वाटा ६० सेंटिमीटर, पण चाकाची खुर्ची जाईल अशी एक वाट ९० सेंटिमीटरची हवीच. पहिल्या वर्षी चारपेक्षा जास्त वाफे करू नका. पंधरा वाफे उत्साहात बांधले जातात, परीक्षेच्या महिन्यात तणात जातात, आणि मग प्रशासनाला ती जागा ओसाड दिसते आणि तिथे वाहनतळ होतो. नळ २० मीटरांच्या आत नसेल तर आधी नळ घ्या. बादलीने पाणी घालायची बाग दोन आठवडे टिकते. दर चौरस मीटरला आठवड्याला साधारण २५ लिटर पाणी, म्हणजे एका वाफ्याला ९० लिटर. तापमान चढलं की दीडपट ते दुप्पट. तीन ओळी ठिबकच्या, दर ३० सेंटिमीटरला तासाला २ लिटर सोडणारा एक ड्रिपर, असं केलं तर तासाला ६० लिटर पडतात. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास बस्स. टायमर लावा, तो स्वयंसेवकासारखा सुटीवर जात नाही.

काय लावायचं ते कॅलेंडर ठरवतं, बियाण्याचं दुकान नव्हे. बागेत बहर येतो तेव्हा कॉलेजला सुटी लागलेली असते, हा या कामातला सर्वांत नेहमीचा घोटाळा. टोमॅटो रोप लावल्यापासून ६० ते ८० दिवसांनी सुरू होतो. सत्राच्या मध्यावर लावला तर तोडायला कुणीच नसतं. म्हणून सत्र संपायच्या तारखेपासून उलटं मोजा. मुळा २५ ते ३० दिवस, पालक ३५ ते ४५, पानांचा लेट्यूस ४५ ते ५०, घेवडा ५० ते ६०. शेवटची तोडणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसेल अशी पेरणी करा. सगळा वाफा एकदम पेरू नका, दर दहा दिवसांनी तिसरा हिस्सा पेरा, म्हणजे पँट्रीच्या प्रत्येक दिवशी थोडं तरी ताजं मिळतं. एकाच आठवड्यात ३० किलो पालक आला तर तो पँट्रीलाही झेपत नाही. शेणखत ताजं असेल तर मातीला लागणाऱ्या पिकाच्या तोडणीआधी किमान १२० दिवस, उंच वाढणाऱ्या पिकाआधी ९० दिवस गाडलेलं हवं. सत्राच्या मुदतीत हे बसत नाही, तेव्हा पूर्ण कुजलेलं कंपोस्टच वापरा.

तोडणी पँट्रीच्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत. हात धुतलेले, पोट बिघडलेल्या माणसाला सुटी, क्रेट धुऊन वाळवलेले. पाला लगेच थंड पाण्यात बुडवून निथळला तर संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतो, आणि क्रेटवर ओलं फडकं पुरतं. मुळ्याची पानं कापून वेगळी जुडी करा. पानं लागलेलीच ठेवली तर मुळ्यातलं पाणी ओढून घेतात आणि दोन दिवसांत मुळा मऊ पडतो. काकडी १० अंशांखाली ठेवली तर पाणचट होते, टोमॅटो फ्रिजबाहेरच ठेवा. जुडी १५० ते २०० ग्रॅमचीच, एका जेवणात संपेल अशी, कारण घेणाऱ्याकडे फ्रिज असेलच असं नाही. आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी: धुवा, चिरा, इतकं पाणी, इतकी मिनिटं. अनोळखी भाजी चिठ्ठीविना फळीवरच सुकते.

माणसं दर वर्षी बदलतात, आणि अशी बरीच कामं याच कारणाने बंद पडतात. पँट्री काढणारे तिघे पदवी घेऊन गेले की किल्ली कुणाकडे आहे हेही कळेनासं होतं. एक कायम कर्मचारी नावानिशी जबाबदार हवा आणि आठवड्याचे काही तास त्याच्या कामात लेखी धरलेले हवेत. बागेला सुटीतले तास पगारी द्या, विद्यार्थ्यालाच. काम मागायला लाजत नसलेल्या गरजू मुलाला अन्नासोबत पैसेही मिळतात. नोंदवहीत चार आकडे ठेवा: किती खेपा झाल्या, किती वेगवेगळे क्रमांक आले, त्यांतले किती परत आले, आणि कुठली वस्तू मागितली गेली पण नव्हती. किलोत मोजलेलं वाटप अहवालात छान दिसतं, पण पुढची खरेदी चौथ्या आकड्यावरून करायची. परतणाऱ्यांची संख्या पहिल्या दोन महिन्यांत फार कमी असेल तर दोष बहुधा दाराशी असतो: वेळ, जागा, नाहीतर तो फॉर्म.

लांब सुटी लागायच्या आधीच्या आठवड्यात साठा मुद्दाम दुप्पट ठेवा. मेस बंद होते, घरी जायला तिकिटाचे पैसे नसलेले काही जण आवारातच उरतात, आणि नेमकं तेव्हाच पँट्रीलाही कुलूप लागतं. त्या आठवड्यात प्रत्येकाला दोन पिशव्या द्या, त्यांतल्या एकीत पहिल्या फळीवरचं सामान जास्त. सुटीत पंधरवड्यातून एकदा तासभर उघडता आलं तर उघडा. तेही जमत नसेल तर कोडने उघडणारे दोन-तीन लॉकर सुरक्षा चौकीजवळ ठेवा आणि कर्मचाऱ्याने आठवड्यातून एकदा भरावेत. दारावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहा: पुन्हा कधी उघडणार, तोवर शिधा कुठे मिळेल, आणि फोन कुणाला करायचा. त्या फोनवर सुटीत खरंच कुणीतरी उत्तर देईल, याची आधी खात्री करून घ्या.